ठिपक्यांचा चौकोन

हा लेख तुम्ही बहुतेक फोनवर वाचत असाल. फोनवर एक प्रश्न कधीच पडत नाही : मी आत्ता नेमकी कुठे आहे? जिथे बोट टेकलं, तिथे आपण. माऊसचंही तसंच, बाण समोर दिसतो. कीबोर्डची गोष्ट वेगळी आहे. हात टेबलावर असतात आणि काम स्क्रीनवर होतं. आपण दाबलेली कळ स्क्रीनवरच्या कोणत्या गोष्टीला लागू होणार, हे स्क्रीननंच सांगावं लागतं. आमच्या धंद्यात याला 'फोकस' म्हणतात. ज्या रकान्यावर, चेकबॉक्सवर किंवा बटणावर फोकस आहे, तिथेच तुमची पुढची कळ जाऊन पडते. तो कुठे आहे हे दाखवण्यासाठी कधी चौकटीभोवती ठिपक्यांचा चौकोन असतो, कधी निळी कड, कधी रंगीत पट्टा.

या बोटभर चौकोनाला इतिहास आहे. तो कसा आला, कुणी लपवला, आणि तो दिसत नसला की किंमत कोण मोजतं, याबद्दल मला लिहायचं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली पाच वर्षं कस्टम्स ब्रोकरांच्या ऑफिसांत चालणारी सॉफ्टवेअरं बनवते, त्यामुळे हा इतिहास मला न्हावा शेव्याच्या वाटेनंच भेटला.

बंदर म्हणजे कागद

न्हावा पनवेल तालुक्यातलं, शेवा उरणमधलं. या दोन गावांच्या नावानं ओळखलं जाणारं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. त्याआधी नवी मुंबई प्रकल्पासाठी इथल्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं आणि जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तान परिसरातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा हा या लढ्याचा परिणाम. पुढे त्याच गावांतली पोरं ट्रेलरवर, गोदामांत, आणि बारावीनंतर टायपिंग किंवा कॉम्प्युटरचा कोर्स केला असेल तर ऑफिसांतल्या डेटा एन्ट्रीवर लागली.

बंदर म्हटलं की क्रेन डोळ्यांसमोर येते. पण कंटेनर क्रेननं उतरतो आणि कागदानं बाहेर पडतो. २०२३-२४मध्ये या बंदरानं सुमारे ६४ लाख टीईयू माल हाताळला. वीस फुटी कंटेनर हे टीईयूचं माप. आयात मालासाठी बिल ऑफ एन्ट्री, निर्यातीसाठी शिपिंग बिल. भारतीय कस्टम्सची संगणकीय यंत्रणा १९९५मध्ये दिल्लीत प्रायोगिक पातळीवर सुरू झाली आणि मग एकेका कस्टम हाऊसमध्ये पसरली. सुरुवातीच्या काळात ब्रोकर आपले कागद सर्व्हिस सेंटरवर द्यायचा, तिथला ऑपरेटर ते टाइप करायचा, आणि दाखल करण्याआधी एक छापील चेकलिस्ट हातात मिळायची. ती वाचून, चुका लाल पेनानं दाखवून परत द्यायची. पुढे ब्रोकर आपल्याच ऑफिसातून ऑनलाइन दाखल करू लागले, पण 'चेकलिस्ट काढा' हा शब्द टिकून राहिला.

चुकीची किंमत इथे रोकडी असते. दाखल झालेल्या कागदात दुरुस्ती करायची तर कस्टम्स कायद्याच्या कलम १४९खाली परवानगी मागावी लागते. बिल ऑफ एन्ट्रीला उशीर झाला तर २०१७पासून पहिल्या तीन दिवसांसाठी रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार लागतो. शिवाय गोदामाचं आणि कंटेनरचं भाडं चढत राहतं. स्क्रीनवर हे बंदर किती अवलंबून आहे हे सगळ्यांना २०१७च्या जूनअखेर दिसलं. नॉटपेट्या नावाच्या व्हायरसनं मर्स्क कंपनीची यंत्रणा जगभर बंद पाडली, त्यात इथलं तिचं टर्मिनलही आलं. क्रेन शाबूत, कंटेनर शाबूत, माणसं हजर, तरी काम ठप्प.

न दिसणारं टायपिंग

'मी लिहितेय ते कुठे पडतंय?' हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. १८७४मध्ये बाजारात आलेल्या शोल्स आणि ग्लिडन टाइपरायटरमध्ये अक्षरं रुळावरच्या कागदावर खालून आपटायची. टाइप करणाऱ्याला चालू ओळ दिसायचीच नाही. बघायचं तर कागदाचा गाडा वर उचलावा लागे, नाहीतर काही ओळी पुढे सरकेपर्यंत वाट बघावी लागे. आज हे विचित्र वाटतं, पण रेमिंग्टननं अशी यंत्रं वर्षानुवर्षं विकली. १८९०च्या दशकात अंडरवुडनं अक्षर समोरून आपटणारं यंत्र आणलं आणि लिहिताना लिहिलेलं दिसणं ही त्याची मोठी जाहिरात झाली. रेमिंग्टननं स्वतः १९०८मध्ये ती पद्धत स्वीकारली. म्हणजे 'दिसणं' ही चैन नव्हे, हे बाजाराला पटायला साधारण तीन दशकं लागली.

टॅब ही कळही टाइपरायटरवरूनच आलेली. तक्ता टाइप करताना गाडा ठरलेल्या रकान्यापाशी नेऊन थांबवणारी. गाडा कुठे थांबला हे डोळ्यांना दिसायचं आणि कानांनाही कळायचं. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात १९५५पासून टाइपरायटर बनू लागले, आणि आपल्याकडच्या कचेऱ्यांत दोन-तीन पिढ्यांचे हात त्यावर तयार झाले. 'मराठी ३०, इंग्रजी ४०' ही नोकरीच्या जाहिरातींतली अट तुम्हीही वाचली असेल. टायपिंग क्लासमध्ये पहिला धडा असतो : नजर मूळ कागदावर, कळांवर नाही.

हा धडा पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. डेटा एन्ट्री करणाऱ्या माणसाची नजर स्क्रीनवर खिळलेली नसते. ती डावीकडे ठेवलेल्या इनव्हॉइसवर असते. मधूनच ती क्षणभर स्क्रीनकडे जाते, 'कुठे आहे मी' एवढं बघते आणि परत येते. त्या क्षणभरात उत्तर मिळालं पाहिजे.

हिरव्या अक्षरांचा काळ

१९७१मध्ये आयबीएमनं ३२७० हे टर्मिनल आणलं. बँका, विमा कंपन्या, विमानांची तिकिटं, सगळीकडे ते पोचलं. स्क्रीनवर एक फॉर्म. काही जागा कुलूपबंद, काही भरण्यासाठी मोकळ्या. टॅब दाबला की कर्सर पुढच्या मोकळ्या जागेवर उडी मारणार. सगळा फॉर्म भरून झाला की एंटर दाबून एकदम पाठवायचा. कर्सर यंत्रच काढायचं, त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमरला तो 'दिसायला बरा नाही' म्हणून लपवण्याचा मोह होत नसे. आजच्या प्रत्येक ऑनलाइन फॉर्मचा हा आजोबा.

आपल्याकडे हा काळ डॉस आणि फॉक्सप्रोच्या रूपानं आला. काळी किंवा निळी स्क्रीन, आणि चालू रकाना उलट्या रंगात उजळलेला. सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे टॅली. श्यामसुंदर आणि भरत गोएंका या पितापुत्रांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर कॉमर्सच्या कुठल्याही मुला-मुलीला डोळे मिटून चालवता येतं. त्याचा एफ१२ दाबल्यावर उघडणारा सेटिंग्जचा भाग बघा. एकाखाली एक प्रश्न, समोर हो किंवा नाही, आणि तुम्ही ज्या प्रश्नावर उभे आहात तो रंगीत पट्ट्यानं ठळक झालेला. एंटर दाबत खाली या. माऊसला हात लावायची गरज नाही. डॉस गेलं, विंडोज आलं, पण टॅलीनं ही चाल सोडली नाही. अकाउंटंट मंडळी तिच्यावर इतकी का जीव टाकतात याचं एक कारण मला इथे दिसतं : आपण कुठे आहोत हे त्यांना कधी विचारावं लागत नाही.

दोन घराणी

१९८४मध्ये अ‍ॅपलनं मॅकिंटॉश आणला. त्याच्या पहिल्या कीबोर्डवर बाणांच्या कळाच नव्हत्या. माणसांनी माऊस वापरायला शिकावं, हा त्यामागचा हट्ट. मॅकच्या डायलॉगमध्ये टॅब फिरायचा तो फक्त लिहिण्याच्या रकान्यांतून. चेकबॉक्स आणि बटणं माऊसची मिरास. चेकबॉक्सवर फोकस जातच नाही, तर तो दाखवायचा तरी कशाला?

दुसरं घराणं आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टचं. १९८७मध्ये आयबीएमनं पडद्यावरच्या वागणुकीचे सामाईक नियम प्रसिद्ध केले, त्यांना सीयूए म्हणतात. माऊस असो वा नसो, प्रत्येक काम कीबोर्डनं करता आलं पाहिजे, हा त्याचा पाया. एफ१ म्हणजे मदत, ही आपली सवय या नियमांनी पक्की केली. विंडोजनं हे वळण घेतलं. मेनूतल्या आणि डायलॉगमधल्या नावांत एक अक्षर अधोरेखित. आल्टसोबत ते दाबलं की थेट तिथे. आणि ज्या बटणावर वा चेकबॉक्सवर तुम्ही आहात त्याभोवती ठिपक्यांचा बारीक चौकोन.

हा चौकोन काढण्याची युक्ती मजेशीर होती. मायक्रोसॉफ्टनं प्रोग्रॅमरला एक तयार फंक्शन दिलं. ते खालचे रंग उलटे करून ठिपके उमटवतं. त्याच जागी तेच फंक्शन पुन्हा चालवलं की उलट्याचं सुलट होतं आणि चौकोन पुसला जातो. कमी ताकदीच्या यंत्रांवर हे स्वस्त आणि झटपट काम. पण मागचा रंग मध्यम राखाडी असला की उलटा केलेला रंगही जवळजवळ तसाच निघतो, आणि ठिपके विरून जातात.

लपवला कुणी?

विंडोज २०००मध्ये मायक्रोसॉफ्टनं ठरवलं की माऊस वापरणाऱ्याला ठिपके आणि अधोरेखित अक्षरं दाखवून उगाच गर्दी कशाला. दोन्ही गोष्टी लपवून ठेवायच्या आणि माणसानं आल्ट, टॅब किंवा बाणाची कळ दाबली की दाखवायच्या. विचार वाईट नव्हता. प्रश्न असा की 'आता दाखव' हा निरोप खिडकीतल्या प्रत्येक घटकापर्यंत पोचावा लागतो. विंडोजचे स्वतःचे घटक तो निरोप ऐकतात. पण एखाद्या कंपनीनं आपली बटणं, आपल्या याद्या स्वतः रंगवल्या असतील आणि हा निरोप ऐकण्याचा कोड लिहिला नसेल, तर चौकोन लपलेलाच राहतो. सेटिंग्जचे डायलॉग यात हमखास सापडतात, कारण टॅब, झाड, यादी, सरकपट्टी असे सगळे नखरे तिथेच एकत्र नांदतात आणि तपासणी मात्र मुख्य स्क्रीनची होते.

दुसरा घाव वेबनं घातला. ब्राउझर दुव्याभोवती चौकट काढत, आणि माऊसनं क्लिक केलं तरी ती उमटत असे. डिझायनरला ती खटके. सीएसएसच्या १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीनं फोकसची शैली आणि बाह्यरेषा दोन्ही लेखकाच्या हाती दिल्या होत्या, म्हणजे एका ओळीत रेषा शून्य करता येत होती. २००७मध्ये एरिक मेयर यांनी ब्राउझरांच्या मूळ शैली पुसून कोरी पाटी देणारा एक छोटा कोड प्रसिद्ध केला. त्यात ही ओळ होती, आणि शेजारी आठवण लिहिलेली होती की फोकसची स्वतःची शैली द्यायला विसरू नका. जगभरच्या लोकांनी कोड उचलला, आठवण तिथेच राहिली. २०११च्या आवृत्तीतून मेयर यांनी ती ओळ काढली, तोवर ती असंख्य प्रकल्पांत मुरली होती. आणि आता डेस्कटॉपवरची कितीतरी सॉफ्टवेअरं आतून ब्राउझरच असल्यामुळे वेबची ही खोड थेट सेटिंग्जच्या खिडकीत येऊन बसली.

'लक्ष कुठे होतं?'

द्रोणागिरी नोडमधल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात मी हे प्रत्यक्ष पाहिलं. तिथे चालणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या एका कंपनीचं होतं आणि नवी आवृत्ती नुकतीच आली होती. पांढरंशुभ्र, हवेशीर, फिक्या राखाडी अक्षरांचं. तिथल्या ताई पंधरा-सोळा वर्षं हेच काम करतात. प्रिंटर बदलायला त्यांनी सेटिंग्ज उघडल्या, टॅब दोनदा दाबला, खालचे पर्याय दिसावेत म्हणून खालचा बाण दाबला आणि शेवटी एंटर. स्क्रीनवर फोकसची खूण कुठेच नव्हती. तो होता वरच्या बंदराच्या यादीवर. बाणानं पान सरकलं नाही, तर यादीतलं न्हावा शेवा जाऊन पुढचं नाव आलं. एंटरनं ते जतन झालं.

त्या दिवशीच्या कागदांवर ठरावीक बंदर म्हणून तेच नाव पडत गेलं. चेकलिस्ट वाचणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पकडलं म्हणून काही दाखल झालं नाही, पण अर्धा दिवस सगळं नव्यानं करण्यात गेला. मालकांनी विचारलं, "ताई, लक्ष कुठे होतं?" ताई म्हणाल्या, "खाली जायला बाण दाबला, शेठ. एवढंच केलं."

मला ते वाक्य अजून अचूक वाटतं. त्यांनी एवढंच केलं होतं. पण कुठल्याही नोंदवहीत त्याची नोंद 'ऑपरेटरची चूक' अशीच होणार. १८७४च्या टाइपरायटरवर ओळ दिसत नव्हती, तेव्हाही अक्षर चुकलं तर बोल टाइप करणाऱ्यालाच लागत असणार. यंत्र आपली खूण लपवतं तेव्हा जबाबदारीही लपते, आणि ती निघते समोर बसलेल्या माणसाच्या नावावर. ते माणूस बहुतेक वेळा ऑफिसातलं सगळ्यात कमी पगाराचं असतं.

दिसणाऱ्यांचा प्रश्न

हा विषय काढला की पुष्कळदा उत्तर येतं : "अंध लोकांसाठीचं आहे ना ते? आमचे ग्राहक तसे नाहीत." इथे एक गंमत आहे. पूर्ण अंध माणूस एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरतो. फोकस सरकला की तो बोलून सांगतो : चेकबॉक्स, अमुक नाव, निवडलेला. त्याला ठिपक्यांच्या चौकोनाची गरज नसते. चौकोन लागतो तो ज्यांना दिसतं त्यांना. मनगटाच्या दुखण्यामुळे माऊस धरता न येणाऱ्यांना, हात थरथरणाऱ्यांना, नजर कमजोर असलेल्यांना, आणि नुसत्या वेगानं काम करणाऱ्यांना. दिवसाला शेकडो रकाने भरणारी व्यक्ती दर रकान्याला माऊसकडे हात नेऊच शकत नाही.

वेबच्या सुगम्यतेचे जागतिक नियम, म्हणजे डब्ल्यूसीएजी, यांनी २००८मध्येच फोकस दिसला पाहिजे असं लिहिलं. कसा दिसावा ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे कुठे एक फिकी रेघ काढूनही नियम पाळल्याचं समाधान मिळे. २०१८च्या आवृत्तीनं अशा खुणांसाठी किमान ३:१ रंगभेदाची अट आणली. ऑक्टोबर २०२३च्या आवृत्तीत फोकस दुसऱ्या कशाखाली झाकला जाऊ नये ही अट मधल्या, म्हणजे सर्वसाधारणपणे पाळल्या जाणाऱ्या पातळीवर आली. खुणेची जाडी आणि ठळकपणा सांगणारी अट मात्र मसुद्यांत त्याच पातळीवर असूनही शेवटी सगळ्यात वरच्या, ऐच्छिक समजल्या जाणाऱ्या पातळीवर ढकलली गेली.

भारतात २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे आणि आयएस १७८०२ हे माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचं भारतीय मानक आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी राहू नयेत, काही गोष्टी सक्तीच्या हव्यात, असं सरकारला सांगितलं. एप्रिल २०२५मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सुविधांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण हे सगळं द्रोणागिरीतल्या त्या टेबलापर्यंत यायला वेळ आहे, कारण छोट्या खाजगी सॉफ्टवेअरच्या खरेदीत हा प्रश्न विचारतंच कोण?

चौकोन परत येतोय

तंत्रज्ञानाच्या बाजूनं सबब उरलेली नाही. माऊसवाल्यांना खूण नको आणि कीबोर्डवाल्यांना हवी, या जुन्या भांडणावर ब्राउझरांनी तोडगा काढला आहे. 'फोकस-व्हिजिबल' हा सीएसएस निवडक क्रोममध्ये २०२०, फायरफॉक्समध्ये २०२१ आणि सफारीमध्ये २०२२ साली पोचला. माणूस कीबोर्डनं फिरत असेल तेव्हाच खूण दिसते. विंडोज १०च्या काळात मायक्रोसॉफ्टनं काळी आणि पांढरी अशी दुहेरी कड आणली. मागचा रंग कुठलाही असो, दोघींपैकी एक दिसतेच. १९९०च्या ठिपक्यांना राखाडीवर जे जमत नव्हतं, ते दोन रेघांनी सोडवलं.

आमच्या टीममध्ये आता नवा डायलॉग आला की माऊसची वायर काढून ठेवतो. टॅब दाबत सुरुवातीपासून शेवटपर्यंत जायचं, प्रत्येक थांब्यावर दोन हात लांबून स्क्रीन बघायची, आणि 'आत्ता कुठे आहे' हे बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. दहा मिनिटं लागतात. यादीवर बाण दाबल्यानं काही बदललं असेल, तर जतन करण्याआधी 'हे बदललं' असं एका ओळीत दाखवतो. ती कल्पनाही नवी नाही. कस्टम हाऊसच्या खिडकीवर मिळणारी चेकलिस्ट तेच करत होती.

तुमच्या घरात कुणी बँकेत, तलाठी कार्यालयात, दवाखान्याच्या काउंटरवर किंवा बंदरावरच्या ऑफिसात टाइप करत असेल, तर त्यांच्या शेजारी पाच मिनिटं बसून बघा. त्यांचा हात कितीदा माऊसकडे जातो, नजर कितीदा स्क्रीनभर भिरभिरते. ती भिरभिर म्हणजे हरवलेला चौकोन शोधणं असतं. आणि घाईच्या वेळी त्यांच्याकडून काही चुकलं, तर लक्ष कुठे होतं असं विचारण्याआधी एकदा विचारा : स्क्रीननं त्यांना सांगितलं होतं का, त्या कुठे आहेत ते?